समोरचा मेकॅनिक

लाखनीत हायवेवर माझं गॅरेज आहे. मे महिन्यात मेहुण्याने नव्या टर्बो गाडीसाठी कोणतं ऑइल टाकू विचारलं. मी म्हटलं, "येवढ्या उन्हात सगळ्यात जाड टाक." तरी तो समोरच्या नव्या मेकॅनिककडे गेला. मी जळफळत मागोमाग गेलो.

त्या माणसाने हात पुसले, गाडीतलं पुस्तक काढलं आणि ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं.

"उन्हाळ्यात चाळीस नंबर चालते. त्याच्याहून जाड नको, टर्बोले ऑइल लवकर पोचाले पाहिजे."

"तुमाले पाठ नाही का?" मी खोचून विचारलं.

"नाही ना भाऊ. मनून पुस्तकात पाहून घेतो," तो हसला.

मेहुण्याने लगेच त्याच्या हाती किल्ली दिली. मला त्याच्या त्या 'नाही'चा हेवा वाटला. वीस वर्षांत गिऱ्हाइकासमोर माझ्या तोंडून तो शब्द कधी निघाला नाही.