आप्पांसाठी सबटायटल्स

आमच्या रविवारच्या सिनेमा मंडळात पिक्चरवर चर्चा व्हावी अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात लक्षात राहतं ते आमच्या आयर्लंडमधल्या, ब्लँचर्डस्टाउनच्या घरात, सोफ्यावर काय झालं ते. पिक्चरची नावं विसरायला होतात, किस्से मात्र साठत जातात.

यंदा मंडळातल्या आमच्या मित्राने, मंदारने, तैवानचे पिक्चर लावून धरले. मंदार चेरीवूडला आयटीत आहे, पण बोलतो फेस्टिव्हलचा ज्युरी असल्यासारखा. "थांबायचं कसं, ते सगळ्या जगाने तैवानच्या सिनेमाकडून शिकावं," म्हणाला. पहिल्याच पिक्चरमध्ये एक बाई खिडकीशी बसली ती बसलीच. मी उठून राऊटर बंद करून पुन्हा चालू केला.

"अगं, हँग नाही झालंय! ती विचार करतेय," मंदार कळवळला.

"एवढा वेळ? मला ऑफिसात कोणी देत नाही."

सगळे हसले. पण खरं सांगते, दुसऱ्या दिवशी बसमध्ये मला तीच बाई आठवत होती.

*

मग सांगलीहून माझे सासरे, आप्पा, उन्हाळ्यापुरते राहायला आले. इंग्रजी सबटायटल्स त्यांना झेपेनात. म्हणून मंडळाने नियम केला, दर रविवारी एकाने आप्पांशेजारी बसायचं आणि संवाद मराठीत सांगायचे.

पहिली पाळी मंदारची. पडद्यावर एक म्हातारा मुलाला काहीतरी म्हणाला. मंदार हळूच आप्पांना म्हणाला, "इथे दिग्दर्शकाला माणसाचं एकटेपण दाखवायचंय."

"तुझा दिग्दर्शक ऱ्हाऊ दे. म्हातारा काय म्हणाला?"

"जेवलास का, म्हणाला."

"मग तसं सांग की," आप्पा म्हणाले आणि पाय वर घेऊन बसले.

*

शेजारच्या नोरीनबाईही येतात, घरचा ब्रेड घेऊन. एका पिक्चरमध्ये आजी तिच्या घरच्या भाषेत बोलत होती आणि नातू शाळेच्या भाषेत उत्तरं देत होता. मंदारने पॉझ करून लेक्चर सुरू केलं. बेट एवढंसं, शेजारी केवढा मोठा, देशाचं नाव काय लिहायचं यावरही वाद, आणि तरी यांचे पिक्चर जगभर बघतात, कारण ते घरातलंच सांगतात.

नोरीनबाई म्हणाल्या, "माझी आजी आमच्याशी आयरिशमध्ये बोलायची. आम्ही इंग्रजीत उत्तरं द्यायचो. पुढे तिने बोलणंच सोडलं. बाकी सगळं ग्रँड होतं." इथे 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात.

मंदार पॉझ काढायचा विसरला. माझं लक्ष जिन्याकडे गेलं. तिथे माझी दहा वर्षांची इरा फोन घेऊन बसली होती. आप्पा तिला मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, तेही इथल्या उच्चारात. आप्पांना कळायचं काहीच नाही, तरी ते "हां, हां" करून हसायचे. तिने मराठीत बोलावं म्हणून मी रागावून पाहिलं, आईस्क्रीमची लालूच दाखवली. तिचं एकच, "आय अंडरस्टँड, आई. इट्स ग्रँड."

कसलं डोंबलाचं ग्रँड! आप्पांचं परतीचं तिकीट जवळ आलं होतं. नातीचं एकही वाक्य न कळताच हा माणूस परत जाणार, याचं मला फार वाईट वाटत होतं.

*

शेवटच्या रविवारी पाळी मंदारची, आणि तो अडकला मोटरवेवर. मी किचनमध्ये पोहे परतत होते. ओरडले, "इरा, जरा आप्पांजवळ बस, मी आलेच." पिक्चर सुरूच होता. पडद्यावर एक आजोबा गावी परत निघाले होते आणि नात त्यांना बसस्टॉपवर सोडायला आली होती.

"तो म्हणते... म्हणतो, बस आला," इराचा आवाज आला. "ती म्हणते, थंड आहे, कोट घाल."

मी गॅस बंद केला आणि दारातच उभी राहिले. आप्पा मान हलवत होते. दोघांची नजर टीव्हीवर होती.

बस गेली. ती मुलगी स्टॉपवर उभी राहिली, तैवानच्या पद्धतीने, कितीतरी वेळ. ती एक शब्द बोलली नाही. खाली सबटायटलही नव्हतं.

आप्पा इराकडे झुकले. "आता काय म्हणती ती?"

इराने स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"ती म्हणते, आजोबा, नका ना जाऊ."