व्याह्यांच्या मोबाइलला दिलेला पासवर्ड

आमचं घर शेतातच आहे, कळंबच्या थोडं अलीकडे. विहिरीची मोटर मोबाइलवरून चालू-बंद होते, आणि घरच्या वायफायवर असलेल्या कुठल्याही मोबाइलचं ती ऐकते. म्हणून मुलीनं पाहुण्यांसाठी वायफाय वेगळं करून दिलं. सासरी जाताना बजावलं, "आई, घरचा पासवर्ड कोणाले देऊ नको. लोकायच्या मोबाइलमंदी काय असते, आपल्याले काय मालूम?"

बरं म्हटलं. पण ऐन कापूस वेचणीच्या दिवशी तिचे सासरेच आले. आता व्याह्यांना परक्याचा पासवर्ड कसा द्यायचा, तुम्हीच सांगा! मी घरचाच दिला.

चहा पिता पिता ते म्हणाले, "विहीणबाई, जरा आमच्या वावरातली मोटर लावतो." त्यांच्याकडेही तसंच यंत्र आहे. त्यांनी मोबाइलवर बोट ठेवलं. थोड्या वेळानं वेचणाऱ्या बाया चिखलाच्या पायांनी अंगणात आल्या. "काकू, पाणी काहून सोडलं? फुटलेला कापूस भिजून राह्यला ना!"

व्याह्यांच्या मोबाइलला जवळची मोटर सापडली होती, आमची. मी धावत जाऊन बंद केली, पण खालच्या तासांतला, म्हणजे सखल ओळींतला, कापूस गेलाच.

व्याही शांतपणे म्हणाले, "तरीच म्हटलं, आज एका झटक्यात कशी लागली!"

मुलीनं फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग घरचा पासवर्ड बदलला आणि नवा मला सांगितलाच नाही. मोटर आता तीच तिकडून लावते. व्याही आले की आम्ही दोघंही पाहुण्यांच्या वायफायवर बसतो.