मागच्या डाव्या दाराचं हँडल

आमच्या अँबॅसडरच्या मागच्या डाव्या दाराला दोन दुखणी होती आणि दोन्ही मला ठाऊक होती. बाहेरच्या हँडलचं बटण दाबलं की ते आतच अडकून राहायचं, त्याची स्प्रिंग गेली होती. दार लावल्यावर बटण नखाने बाहेर ओढावं लागे. ‘टक्’ आवाज आला म्हणजे लॉक बसलं. आणि दाराच्या आतलं हँडल नुसतंच गोल फिरायचं. त्याचं चौकोनी भोक झिजून झिजून गोल झालं होतं, त्यामुळे ते दार आतून उघडतच नसे. मागे कुणी बसलेलं असलं की मी उतरायचे, वळसा घालून जायचे आणि बाहेरून दार उघडून द्यायचे. लोकांना ती माझी अदब वाटायची.

गाडी वडिलांची. महाडच्या बाजारपेठेत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, ते आता मी चालवते. ते गेल्यावर भावाने गाडी भंगारात द्यायचं काढलं, तेव्हा मी ती मागून घेतली आणि पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकले. स्टँडसमोरच्या गर्दीत गाडी मागे घेताना माणसं हातातलं काम सोडून बघत उभी राहायची. बाई कुठे चुकते हेच बघायला थांबलीत, असं मला वाटायचं. मी कधी चुकले नाही. ‘अँबॅसडरवाली’ म्हणून बाजारात माझी ओळख झाली. वरवर मी ते हसण्यावारी न्यायचे, पण आतून मला त्याचा फार माज होता.

दुकानात मी चष्म्यांचे तांदळाएवढे स्क्रू रोज बसवते. गाडीचं दार मात्र ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत दीड वर्ष तसंच राहिलं.

वडिलांची धाकटी बहीण, माझी आत्या, पोलादपूरच्या वर एका वाडीत एकटी राहते. आंबेनळी घाटाचा रस्ता सोडून आत वळलं की दहा मिनिटांवर तिचं घर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, दोन्ही मुलगे मुंबईला. पंचाहत्तरी उलटली तरी परसात वाल, पडवळ, मिरची सगळं स्वतः करायची आणि शेजारणींच्या भांडणात निवाडाही करायची. फक्त गुडघे धरायचे. म्हणून थंडीत दर रविवारी मी तिला महाडजवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचे. तासभर पाय पाण्यात सोडून ती बसायची आणि परत येताना मागच्या सीटवर पाय लांब करून मला माझ्या बापाचे लहानपणीचे उद्योग सांगायची.

गेल्या थंडीतल्या अशाच एका रविवारी परतताना आम्ही पोलादपूरला थांबलो. आत्याला बांगड्या बघायच्या होत्या. ती परत येऊन गाडीत बसली, मी दार लावलं. मागे एक टेंपोवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. मी घाईने पुढे येऊन गाडी काढली. गावाबाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आलं की ‘टक्’ ऐकलेला नाही. थांबावं असं मनात आलं. पण वाडी पाच-सहा किलोमीटरवर होती, रस्ता मोकळा होता. मी थांबले नाही.

वाडीच्या फाट्यावर उजवीकडे वळताना पुढचं चाक खड्ड्यात आदळलं. गाडी अगदी हळू होती. मागे दार उघडल्याचा आवाज झाला, मग ‘आगो बाय’ एवढंच. मी ब्रेक मारून मागे वळून पाहिलं तर सीट रिकामी.

आत्या रस्त्याकडेच्या खडीवर कुशीवर पडली होती. कपाळ खरचटलं होतं, डावा हात विचित्र वळला होता आणि नव्या बांगड्यांचे तुकडे मनगटाशी सांडले होते. फाट्यावरच्या चहाच्या टपरीतली माणसं धावली. सगळी वाडीतलीच, आत्याच्या ओळखीची. टपरीवाल्याने तिला बसतं केलं, पाणी पाजलं आणि माझ्याकडे बघून विचारलं,

“ताई, दार उघडला कसा?”

चार-पाच जण माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “आत्याने आतलं हँडल ओढलं वाटतं.”

विचार करून बोलले नाही. तोंडातून निघूनच गेलं. पण परत घेता आलं असतं. आत्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हाही मी घेतलं नाही.

महाडला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. मनगट मोडलं होतं. प्लास्टर ओलं होतं, ती खाटेवर टेकून बसली होती आणि मी तिच्या कपाळाला मलम लावत होते. तेव्हा तिने हळूच विचारलं,

“बाय, मी वढला का गो ता हँडल?”

“ओढलं असशील आत्या. तुझ्या लक्षात नसेल.”

“माका तर काय आठवत नाय,” म्हणाली. “मी तर हात मांडीवर ठेवलेला.”

“होतं असं,” मी म्हटलं. “या वयात होतं.”

हे दुसरं वाक्य पहिल्याहून वाईट होतं. पहिलं निदान भीतीपोटी निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिचा धाकटा मुलगा मुंबईहून आला. त्यालाही मी तेच सांगितलं. आता ते मला सहज सांगता येत होतं. कसं वळण आलं, कसा तिने हात घातला, सगळं. त्याने डोक्याला हात लावला. “चालत्या गाडीचं दार उघडते म्हणजे काय, ताई? उद्या गॅस चालू ठेवून झोपेल.”

पंधरा दिवसांत आत्याचं घर बदललं. मुलांनी गॅसचं सिलिंडर शेजारच्या घरी नेऊन ठेवलं आणि दोन वेळचं जेवण त्या शेजारणीकडे लावलं. विळी, कोयता माळ्यावर गेला. पोलादपूरला एकटीने जायचं नाही, असं ठरलं. पूर्वी भांडण घेऊन तिच्याकडे येणाऱ्या बायका आता तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने, सावकाश बोलायला लागल्या. मी दोन-तीनदा गेले तेव्हा हे पाहिलं. मग दुकानातल्या कामाची सबब सांगून जायचं कमी केलं.

मे महिन्यात, पाऊस तोंडावर आला म्हणून, मी गाडी मिस्त्रींकडे नेली. वडिलांच्या वेळेपासून ही गाडी त्यांच्याच हातची. बोलणं कमी, पण गाडीची नस न् नस माहीत. मी त्यांना बाहेरच्या हँडलबद्दल सांगितलं. आतल्याबद्दल काही बोलले नाही.

त्यांनी दाराचं आतलं रेक्झिनचं पॅड काढायला घेतलं. त्यासाठी आधी हँडल उतरवावं लागतं. त्यांनी ते सहज फिरवून पाहिलं. ते गरगर फिरलं. पुन्हा फिरवलं. मग पिन ठोकून हँडल बाहेर काढलं, भोकात बोट घालून पाहिलं आणि उजेडात धरलं.

“ताई, हे तर कधीच संपलंय,” ते म्हणाले. “या दारात आतून काही होतच नव्हतं.”

मी म्हणाले, “नंतर झालं असेल. अपघातानंतर.”

त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं. भोकाच्या कडा आरशासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. “ही झीज चार महिन्यांची नाही. दोन वर्षं तरी नुसतं फिरतंय हे.” मग हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “म्हातारीने दार उघडलं असं सगळा बाजार म्हणतो. मीपण म्हणत होतो.”

त्यांनी पाना उचलला आणि कामाला लागले. मी स्टुलावर बसून होते. उठून जावं असं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं. त्यांनी भोकात पितळ भरलं, थंड होऊ दिलं, मग कानशीने चारी बाजू घासून ते पुन्हा चौकोनी केलं. बाहेरच्या हँडलला मोडीतल्या एका गाडीची स्प्रिंग बसवली. झिजलेली लॉकची जीभ बदलली. सगळं मिळून एक दुपार लागली. एका दुपारचं काम.

गाडी ताब्यात देताना त्यांनी मला मागच्या सीटवर बसायला सांगितलं. “आतून उघडा,” म्हणाले. मी उघडलं. “लावा.” लावलं. असं तीनदा करायला लावलं. ते तपासत होते की मला शिकवत होते, मला कळलं नाही.

दुकान न उघडता मी दुसऱ्या सकाळी वाडीवर गेले. आत्या ओट्यावर वाल निवडत होती. प्लास्टर कधीच निघालं होतं, पण बोटं अजून नीट वळत नव्हती. मला बघून हसली. चहा कर म्हणाली नाही. करायला घरात गॅसच नव्हता.

“आत्या, तू हँडल ओढलं नव्हतंस,” मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसले असते तर धीर झाला नसता. “ते हँडल मोडलेलं होतं. मला माहीत होतं. बाहेरचं बटण मी नीट ओढलं नाही म्हणून दार उघडलं. मी खोटं बोलले.”

ती निवडत राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग हात थांबले.

“म्हंजे माजं डोकं ठीक हाय?”

“हो.”

“मी काय येडी झाली नाय?”

“नाही आत्या.”

मी रडायला लागले तर तिने हात वर केला. “रडू नको. आदी ऐक. चार महिनं मी दाराची कडी घातली का, चार-चार येला जाऊन बघतंय. पोरांचा नाव घेताना मनात पयला घोकतंय, चुकला तर काय म्हणतील. वाल निवडून झालं की परत निवडतंय. आणि तू म्हनलीस, या वयात होता. तू म्हनलीस म्हनून मी मानला गो. दुसरा कुनी म्हनला असता तर मी मानला नसता.”

मी माफ कर म्हणाले, पण ते शब्द मलाच पोकळ वाटले.

“माका नको सांगू,” ती म्हणाली. “पोराला फोन लाव. त्याला सांग.”

“मी संध्याकाळी लावते.”

“आता लाव. माज्यासमोर.”

मी लावला. स्पीकरवर ठेव म्हणाली, ठेवला. तो कामावर होता, मागे यंत्रांचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, टेंपोवाल्याच्या हॉर्नपासून. यंत्रांचा आवाज मागे पडला, तो बाहेर आला असावा. मग म्हणाला, “ताई, मी आईच्या हातातला कोयता काढून घेतला. ती रडली त्या दिवशी. आणि मी तिच्यावर ओरडलो.” एवढं बोलून त्याने फोन ठेवला. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

आठवड्याने येऊन त्याने सिलिंडर परत आणलं, कोयता खाली काढला. आत्याचं स्वयंपाकघर पुन्हा सुरू झालं. कडी तपासायची सवय मात्र गेली नाही. माझ्यासमोर ती उठते, बघते, येऊन बसते आणि आम्ही दोघी काही झालंच नाही असं दाखवतो. गाडीत बस असं मी एकदा सुचवलं. “माका एसटी बरी,” म्हणाली. पुन्हा विचारलं नाही.

दिवाळीनंतर पोलादपूरला नात्यातल्या एका मुलीची हळद होती. बायका मांडवात बसल्या होत्या, आत्याही होती. कुणीतरी गाड्यांचा विषय काढला आणि एक लांबची मामी आत्याकडे बोट दाखवत हसून म्हणाली, “आमच्या आक्काला नका हां खिडकीशी बसवू, चालत्या गाडीचा दार उघडतंय ती!” सगळ्या हसल्या. आत्या माझ्याकडे बघत राहिली.

मला वेळ लागला. हसणं ओसरेपर्यंत मी गप्प होते, हे सांगायलाच हवं. मग म्हणाले, “आत्याने दार उघडलं नव्हतं. दार माझ्या चुकीने उघडलं आणि नाव मी तिचं घेतलं.”

मामीने माझ्या गालावरून हात फिरवला. शेजारणीकडे वळून कौतुकाने म्हणाली, “बघा, कशी पोर हाय. म्हातारीवर येऊ देत नाय, सगळा आपल्यावर घेतंय.”

बायकांनी माना डोलावल्या. मी पुन्हा सांगायला गेले, “तसं नाही, खरंच,” तर त्या आणखीच मायेने बघायला लागल्या. तेवढ्यात हळदीची वाटी पुढे आली आणि सगळ्या उठल्या. आत्या एकटीच बसून राहिली. मी तिला उठवायला हात पुढे केला. तिने मांडवाचा खांब धरला आणि स्वतःची स्वतः उठली.