वर चढणाऱ्यांचे शिंगाडे साहेब

शिंगाडे साहेब साईटवर आले की आधी गुत्तेदाराला भेटत नसत. मोटारसायकल लावायची, मान वर करायची आणि परांचीवर जो कुणी सुरक्षेचा पट्टा न बांधता उभा दिसेल त्याला खालूनच ओरडून विचारायचं, "ए दादा, घरचा नंबर सांग!" माणूस गोंधळून नंबर सांगायचा. साहेब तिथल्या तिथे फोन लावायचे. "ताई, मी कामगार ऑफिसातून बोलून राह्यलो. घाबरू नका, तुमचे मालक बिलकुल ठीक हायेत. तिसऱ्या मजल्यावर उभे हायेत, पट्टा बांधला न्हाई. घ्या, तुम्हीच बोला." मग स्पीकर चालू करून फोन वर धरायचे. अख्खी साईट हातातलं काम टाकून ऐकत राहायची आणि तो बिचारा मुकाट्याने पट्टा बांधायचा.

जालन्यात बांधकामाची कामं घेणारे आम्ही सगळेच गुत्तेदार या माणसाला वैतागलो होतो. नोटीस आली की कुणाला सांगून ती गार करायची, हे आम्हाला तोंडपाठ होतं. साहेबांनाही ते ठाऊक होतं. मला म्हणायचे, "देशपांडे, तुम्हाला दंड केला की तुम्ही माझ्या वरच्याला फोन लावता. बायकोच्या वर कोणी हाय का, सांगा बरं?"

उंच, काटकुळा माणूस. वडील मेंढरं राखायचे. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो लपवायची गरज त्यांना कधी वाटली नाही. "बापानं मेंढरं राखली, मी माणसं राखून राह्यलो. मेंढरं बरी, सांगितलं की ऐकत्यात," असं ते आमच्याकडे रोखून बघत म्हणायचे. कामगारांना मिळणाऱ्या सरकारी पेटीतल्या हेल्मेटमध्ये कोंबड्यांना पाणी ठेवणारा एक गवंडी त्यांना भेटला होता. रागवायचं सोडून त्यांनी ते उचलून उन्हात धरून पाहिलं. "गळत न्हाई, म्हंजे माल पक्का हाय. आता कोंबड्यांना ताटली दे अन् हे डोक्यावर घाल," म्हणाले.

त्यांची माझी खरी ओळख झाली ती राजूरच्या रस्त्यावरच्या एका गावात. तिथल्या खंडोबाच्या देवळाच्या शिखराचं काम माझ्याकडे होतं. चंपाषष्ठीच्या आत कळस चढवायचा होता आणि गाव घाईला आलं होतं. शिखरावरची नक्षी करायला नामदेव मिस्त्री होता, त्याच गावचा. त्याच्यासारखा हात त्या भागात दुसरा नव्हता. पण तो आणि त्याचे जोडीदार अनवाणी चढायचे. खाली गाभाऱ्यात देव आणि त्याच्या डोक्यावर बूट घालून कोण उभं राहील? पट्ट्याचं नाव काढलं तर नामदेव हसायचा. "देवाच्या कामावर कुणी पडत न्हाई, मालक. मल्हारी धरून ऱ्हातो."

साहेब आले आणि नेहमीप्रमाणे खालून ओरडले, "घरचा नंबर सांग!"

वरून नामदेव म्हणाला, "कुणाला लावता साहेब? घरला कुलूप हाय."

त्याची बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. साहेबांनी फोन खिशात ठेवला. त्यांची युक्ती फसलेली मी पहिल्यांदाच पाहिली, आणि खरं सांगायचं तर मला जरा बरं वाटलं.

मग ते स्वतः वर जायला निघाले. पट्टा बांधला आणि खाली बसून बूट काढायला लागले. मी मुद्दाम म्हटलं, "साहेब, नियम?" ते माझ्यावर खेकसले, "माझं कुलदैवत हाय हे!" आणि अनवाणीच चढले. वर ओल्या सिमेंटवरून पाय सरकला, फळीचा खिळा तळव्यात घुसला. उतरले तेव्हा पाय रक्ताने माखला होता. देवळाच्या ओट्यावर बसून त्यांनी जखमेवर भंडारा दाबला आणि म्हणाले, "मलाच बूट घालून चढवलं न्हाई, मंग नामदेवला कोणत्या तोंडानं सांगू? अन् उद्या हा पडला, तर मल्हारीला कोणतं तोंड दाखवू?"

त्यांनी काम थांबवलं. गाव भडकलं. देवाला नोटीस देणारा सरकारी माणूस म्हणून पोरं त्यांच्या मोटारसायकलमागे ओरडली. मीही मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. साहेब मात्र जालन्याला न जाता लंगडत गुरवाच्या घरी गेले आणि त्याच्याशी बोलत बसले. संध्याकाळी देवळापुढे गाव जमलं, तेव्हा गुरव उभा राहिला. देवळाचं मोठं काम निघालं की विधी करून देवाला पाण्याच्या कलशात उतरवतात, तो कलश दुसरीकडे बसवतात, असं त्याने सांगितलं. "मंग वर बूट घातले तर चालत्याल?" कुणीतरी विचारलं. गुरव म्हणाला, "देवच तिथं नसल्यावर बूट कुणाच्या डोक्यावर?"

एका म्हाताऱ्याला ते पटेना. देवाने जागा सोडलेली त्याने बापजन्मात ऐकली नव्हती. साहेब म्हणाले, "बाबा, घोड्यावरचा देव हाय आपला. शिकारीला जातो, मुक्काम करतो. अन् घोड्यावर काय अनवाणी बसतो का?" म्हाताराच आधी हसला आणि प्रश्न सुटला.

लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. देव कुणाच्या घरी न्यायचा? आजी सरपंच म्हणे माझ्याकडे, माजी सरपंच म्हणे माझ्याकडे. आवाज चढायला लागले तसे साहेब शांतपणे म्हणाले, "नामदेव मिस्त्रीच्या घरी."

नामदेव उठूनच उभा राहिला. "साहेब, माझी एक खोली..."

"बस झाली. सकाळी पूजा करून कामावर यायचं. सांजचा दिवा तूच लावायचा, दुसऱ्यानं लावलेला चालायचा न्हाई. बराबर का, गुरव?" गुरवाने क्षणभर साहेबांकडे पाहिलं आणि मान डोलावली. साहेब नामदेवला म्हणाले, "तू घरी आला न्हाईस, तर मल्हारी अंधारात बसल. ध्यानात ठेव."

विधी झाला आणि नामदेव बूट घालून आला. पट्टा बांधला आणि नीट बसला का ते जोडीदाराला ओढून बघायला लावलं. खोलीला त्याने चुना दिला होता. दिवस कलला की तो खाली यायचाच. कालवलेला माल वाया जायचा म्हणून मी बोंबलायचो. तो म्हणायचा, "मालक, घरी पाहुणा हाय." काम सुरू झाल्यापासून त्याच्या तोंडून 'घरी' हा शब्द मी ऐकला नव्हता.

कुणी पडलं नाही. कळस वेळेत चढला. वाजतगाजत, भंडारा उधळत देव परत गाभाऱ्यात गेला. वर्गणीदारांना नारळ मिळाले, मला शाल मिळाली. साहेबांना कुणी बोलावलं नाही. काही घडलंच नव्हतं, तर सत्कार कशाचा करणार? ते गर्दीत उभे राहून येळकोट करत होते. मध्येच मला म्हणाले, "नामदेव कुठं हाय?"

नामदेव घरी होता. कलशाच्या रिकाम्या पाटासमोर बसला होता. आम्हाला पाहून म्हणाला, "साहेब, उद्यापासनं कुणासाठी उतरू?"

साहेब त्याच्याजवळ जमिनीवर बसले. "माझ्यासाठी उतर," म्हणाले. "सोमवारी जालन्याला ये. देशपांड्यांकडं काम हाय." माझ्याकडे काम आहे हे मलाही तेव्हाच कळलं.

तेव्हापासून नामदेव माझ्याकडे आहे. संध्याकाळी जालन्यातल्या भाड्याच्या खोलीवर जाताना तो साहेबांच्या फाटकापाशी थांबायचा आणि हाक मारायचा, "उतरलो, साहेब!" आतून ओसरीचा बल्ब लागायचा आणि नामदेव पुढे जायचा. वर्षानुवर्षं हे एवढंच बोलणं.

गेल्या हिवाळ्यात, निवृत्तीला थोडे महिने असताना, साहेब झोपेतच गेले. नामदेव कामावर यायचा बंद झाला. तेराव्याला भेटला तो साहेबांच्या अंगणात, कोपऱ्यात बसलेला. साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, बाहेर आल्या तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "वैनी, मी आता चढत न्हाई. 'उतरलो' म्हणून सांगायचं, तेच माणूस गेलं."

त्या ओसरीच्या पायरीवर बसल्या. "भाऊ, हे चार-चार दिवस दौऱ्यावर असायचे. जिल्हाभर फिरायचे. तवाबी तुम्ही हाक मारायचे का न्हाई?"

"मारायचो."

"मंग बल्ब कोण लावत व्हतं?"

नामदेवने मान वर करून ओसरीच्या बल्बकडे पाहिलं.

"तुमची हाक आल्याबिगर मी चुलीपुढून उठत नव्हते," वहिनी म्हणाल्या. "तेरा दिवस झाले, हाक न्हाई. उद्या कामावर जा."