बिबवेवाडीच्या भिंतीवरचे अब्बा

सावंतवाडीची एसटी सकाळी स्वारगेटला पोचली. माझ्या पिशवीत ब्रश, आईने बांधून दिलेली घावणे (तांदळाची जाळीदार धिरडी) आणि बिबवेवाडीतल्या एका सोसायटीचे पत्र होते. त्यांच्या लांबलचक भिंतीवर रहिवाशांनी मिळून परिसराचा वारसा रंगवायचा होता. मी चित्रकला शिक्षिका, म्हणून देखरेख माझ्याकडे.

"रंगवा ना," रिक्षावाला म्हणाला. "थुंकायला लोकांना स्वच्छ जागा मिळेल."

सोसायटीचे सेक्रेटरी गोडबोले फाटकातच उभे होते. "आलात? पत्रात आठ लिहिलं होतं." आठ वाजून दहा मिनिटे झाली होती.

भिंतीच्या टोकाला युसूफभाई कल्हई (पितळी भांड्यांना आतून कथलाचा मुलामा) करत बसत. सगळ्या गल्लीची पातेली त्यांच्या हाताखालून गेलेली. भिंतीवर भाता चालवणारे युसूफभाईच रंगवायचे, असे रहिवाशांनीच ठरवले. दोन दिवस आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे रंगाने माखले. युसूफभाई रोज आम्हाला चहा आणि खारी आणून देत.

तिसऱ्या सकाळी गोडबोल्यांनी भिंतीपुढेच सभा घेतली.

"चित्र उत्तम आहे. पण ठराव वारशाचा आहे. वारसा म्हणजे गेलेल्यांनी मागे ठेवलेलं. हे गृहस्थ हयात आहेत."

"माफ करा साहेब," युसूफभाई म्हणाले.

"आपला दोष नाही. पण उद्या प्रत्येक हयात माणूस भिंतीवर जागा मागेल."

मतदान झाले. चित्र पुसण्याच्या बाजूने युसूफभाईंनीही हात वर केला. भांडण नको म्हणून.

"हात खाली घ्या. आपण सभासद नाही," गोडबोले म्हणाले.

त्यांच्या हाताविनाही ठराव मंजूर झाला. मी पांढऱ्या रंगाची बादली उचलली.

"बाई, पुसू नका," युसूफभाई हळूच म्हणाले. "मिशी जाड करा, डोक्याला लाल रुमाल बांधा. अब्बा होतील. तेही इथंच बसायचे. ते वारले."

"पुरावा?" गोडबोल्यांनी विचारले.

"कब्रस्तानात आहेत. बोलावू?"

गोडबोल्यांनी क्षणभर विचार केला. "नको. मान्य."

मग युसूफभाई सांगत गेले, मी रंगवत गेले. भुवया जुळलेल्या. पुढचा एक दात नाही. अब्बांचा एकही फोटो घरात नव्हता. शेवटचा हात फिरवला तेव्हा युसूफभाई भिंतीजवळ जाऊन चित्र निरखू लागले.

"भाता उलटा धरलाय त्यांनी," अखेर ते म्हणाले.

चूक माझी होती. "बदलते."

"राहू द्या. अब्बांना मी कसं सांगू?"

दुपारी ते बायकोला घेऊन आले. सासऱ्यांना तिने कधी पाहिले नव्हते. ती लग्न होऊन येण्याआधीच अब्बा गेले होते. भिंतीसमोर येताच तिने घाईने डोक्यावर पदर घेतला. गोडबोलेही नकळत बाजूला सरकले.

घरी परतल्यावर सगळ्यांनी विचारले, पुण्याचा वारसा कसा असतो? त्याची व्याख्या गोडबोल्यांकडे लेखी आहे. मी फक्त साठीतली एक सून सासऱ्यांना पहिल्यांदा भेटताना पाहिली.