आवाज ह्यांचा, पकड माझी

आमच्या ह्यांना खेळता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण भूगावपासून जांब्यापर्यंत त्यांची सगळी मित्रमंडळी अजून उलटंच समजून आहेत.

खेळ मोबाइलवरचा. पाण्याने भरलेला काचेचा मोठा गोळा, आत सहा-सहा जणांचे दोन संघ आणि एक चेंडू. सगळं पाण्याखालीच. चेंडू हाती आला की त्या खेळाडूचा दम उतरायला लागतो. दम संपायच्या आत गोल करायचा, नाहीतर चेंडू सोडून वर जायचं; मध्येच कुणी धरलं तर चेंडू त्याचा. ह्यांचे मित्र जांब्याला भाड्याच्या खोल्यांवर राहतात, आयटीत नोकऱ्या करतात, आणि समोरच्याकडे चेंडू दिसला की सगळेच्या सगळे त्याच्या अंगावर धावून जातात. मागे मैदान मोकळं. इतकी शिकलेली पोरं, पण एकाच्याही डोक्यात उजेड पडायचा नाही.

मी मुळशीची. शाळेच्या संघात कबड्डी खेळायचे, डावा कोपरा. लग्न ठरलं आणि खेळ बंद झाला. तसं कुणी म्हणालंही नाही, सगळ्यांनी गृहीतच धरलं. कोपऱ्यात खेळणाऱ्याच्या अंगात एक गोष्ट मुरलेली असते. चढाईला आलेल्याला आत येऊ द्यायचं, हवं तेवढं नाचू द्यायचं. दम संपत आला की तो माघारी वळतो. वळला की पाय धरायचा. एका रविवारी हे जेवायला बसले आणि अर्धवट सामना माझ्या हाती दिला. मी तेच पाण्याखाली केलं आणि सामना जिंकला.

तेव्हापासून रोज मीच. नाव ह्यांचं, अंगठे माझे. आणि बोलायला मात्र हे! माझ्या शेजारी बसून, फुटाणे खात, माईकमध्ये. पलीकडून मित्र ओरडायचे, "भावा, काय धरलास रे त्याला!" आणि हे खुशाल म्हणायचे, "आपलं कामच हाय ते." माझ्या साडीवर फुटाण्यांची सालं पडलेली असायची.

मग इथे भूगावातल्याच एका हॉलवर स्पर्धा ठरली, समोरासमोर बसून खेळायची. मी म्हणाले, "मी येते. मीच खेळते."

"येडी हायेस का? तितं समदी पोरं असत्यात. बायकोच्या जिवावर खेळतो म्हनतील."

"मग खरंच हाय की ते!"

हे एकटेच गेले. पहिल्याच सामन्यात धुव्वा उडाला. त्याचं मला काहीच वाटलं नाही. पण घरी आल्यावर गॅलरीत उभं राहून मित्राला फोनवर काय सांगावं? "घरात हिची सारखी कटकट. डोकंच लागंना खेळात." तव्यावरची भाकरी मी तशीच करपू दिली. अंगाचा नुसता तिळपापड झाला. कबड्डी सुटली तेव्हाही इतका राग आला नव्हता; खरं तर तेव्हाच यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर खेळ घेतला, स्वतःचं खातं उघडलं, अगदी तळापासून सुरुवात केली. ह्यांना सांगितलं, अंगठे दुखतात, आता तुमचं तुम्ही बघा. हळूहळू वर चढले आणि एका चांगल्या संघात मागची जागा मिळाली. माईकवर स्वतः बोलायला लागले. माझ्या आवाजाने कुणाचंही काही बिघडलं नाही.

परवा दुपारी समोर ह्यांचाच संघ आला. मी आतल्या खोलीत, हे हॉलमध्ये कानाला हेडफोन लावून. मी खेळात कुठलं नाव घेतलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं; तेवढी चौकशी त्यांनी कधी केलीच नव्हती. ते चेंडू घेऊन आले की मी धरायचे. पुन्हा आले, पुन्हा धरलं. बाहेरून शिव्या ऐकू यायला लागल्या. शेवटी दार ढकलून हे आत आले आणि फोन माझ्यापुढे धरला.

"अगं, एवढा सामना खेळ की. समोर कोन तरी लई नडतंय. तुलाच जमंल."

मी स्क्रीनवरून नजर काढली नाही.

"मोकळी न्हाई मी," म्हणाले. "तुमालाच अडवतीय."