विसाची गाडी, एकोणिसाची गाडी

डांबराच्या गोळ्या, तापलेले रेक्झिन आणि कुठेतरी खोलवर मुरलेला अत्तराचा एक थेंब. ठाण्याच्या कोपरीतल्या त्या गाडीचे दार उघडले तेव्हा आधी हा वास बाहेर आला आणि मग गाडी दिसली, असे मला अजूनही वाटते. लग्नातल्या शालूचे कपाट वर्षातून एकदाच उघडावे, तसा तो वास होता. कोरडा, कोंडलेला आणि थोडा मानी. मी दारातच थबकले.

"काय दिसतंय?" मागून माझ्या यजमानांनी विचारले.

"दिसत काही नाही अजून. शालूच्या कपाटाचा वास येतोय."

"अगं, उपमा नको. सीटची शिलाई बघ. दाराच्या कडेचं रबर बघ. बोनेट उघडलं की आतल्या नटांवर पान्याच्या खुणा आहेत का, ते बघ."

यजमानांचे सारे आयुष्य वाहनांच्या कारखान्यात, तपासणी विभागात गेले. यंत्रातली चूक यंत्राला कळण्याआधी त्यांच्या डोळ्यांना कळते, असे त्यांचे सहकारी म्हणत. शेजारी, भाचे, मित्र, कुणीही जुनी गाडी घ्यायला निघाले की यांना घेऊन जायचे, आणि यांनी बोनेटवर वाकून मान हलवली की सौदा व्हायचा. गेल्या वर्षी ठाण्यातल्या नेत्रतज्ज्ञांनी सांगितले की दृष्टीचा मधला भाग पुसट होत जाईल, कडा तेवढ्या राहतील. त्या संध्याकाळी डोंबिवलीच्या घरी परतल्यावर यांनी आमच्या जुन्या गाडीची किल्ली जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवली. "रस्ता दिसतो," ते म्हणाले, "रस्त्यावरचा माणूस दिसत नाही. आता तू."

ती जुनी गाडी तशीही थकली होती. यजमानांच्या मनात वर्षानुवर्षे एकच गाडी होती: पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी, लांबलचक, उंची घराण्यातली सेडान. नवी घेणे आमच्या आवाक्याबाहेरचे, वापरलेली मात्र आवाक्यातली. निवड ते करणार होते, डोळे माझे असणार होते. मी जन्मभर महाविद्यालयात कविता शिकवली. नट आणि बोल्ट यांतला फरक मला निवृत्तीनंतर कळला. ही निवड चुकली असती, तर यजमानांनी पुन्हा कुठल्याही यंत्राविषयी तोंड उघडले नसते, हे मी जाणून होते. आणि चूक झालीच, तर ती माझ्या पाहण्यात होणार होती.

तरीही सांगते, त्या दिवसांत मला भीतीपेक्षा हुरूप अधिक होता. सकाळी गॅलरीत चहाचे कप घेऊन आम्ही बसायचो, मी फोनवरच्या जाहिराती मोठ्याने वाचायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. एकाच गाडीची निरनिराळ्या वर्षांची रूपे मी अशी तपासू लागले, जशी पूर्वी एकाच ओवीचे पाठभेद तपासायची. दोन हजार सतराच्या गाडीत बॅटरी मागच्या सीटच्या पाठीशी, त्यामुळे डिकी निम्मी खाल्लेली. मग साचा बदलला, बॅटरी सीटखाली गेली, गाडी बुटकी आणि रुंद झाली. एकोणिसाचे वर्ष त्या नव्या साच्याचे पहिले. एकविसाला पडदा मोठा आला, आणि भावही.

"नव्या साच्याची पहिली खेप कधी घेऊ नये," यजमानांनी निवाडा दिला. "कंपनी आपल्या जिवावर शिकते. दुसऱ्या वर्षी खोड्या निघून जातात. म्हणजे वीस. विसाचंच मॉडेल."

म्हणून आम्ही कोपरीत आलो होतो. गाडीचे मालक निवृत्त, एकटे, कडक इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ होते. इमारतीच्या तळमजल्यावरच्या बंदिस्त गाळ्यात, दोन पदरी आच्छादनाखाली त्यांनी ती गाडी ठेवली होती. आच्छादन त्यांनी असे उचलले, की जणू नवरीच्या चेहऱ्यासमोरून अंतरपाटच दूर होतो आहे.

"लॉकडाऊनच्या आधी जेमतेम महिनाभर घेतली हो," ते म्हणाले. "मग जाणार कुठे? नंतर सवयच मोडली. पण रोज पुसतो. वहिनी, पोटच्या पोरीसारखी जपलीय."

यजमानांनी पत्र्यावरून हात फिरवला. दारांच्या फटी बोटांनी मोजल्या, टायरच्या खाचांत नख घातले. त्यांचा चेहरा उजळत गेला. "कोरी आहे गं," ते माझ्या कानाशी पुटपुटले. "अगदी कोरी."

मी चालकाच्या जागी बसले, यजमान डावीकडे, मालक मागे. बटण दाबले. समोर हिरवी अक्षरे उमटली, पण आवाज झाला नाही.

"चालू नाही झाली वाटतं."

"झालीय," दोघेही पुरुष एका सुरात म्हणाले, आणि मला खुदकन हसू आले. ब्रेकवरचा पाय सैल केला तशी गाडी पाण्यावर सोडलेल्या पानासारखी गाळ्याबाहेर सरकली. कोपरीच्या गल्ल्या, भाजीवाल्या, रिक्षांची रांग, मग पूल, मग महामार्ग. माझे तळवे घामेजले होते आणि मला गाणे म्हणावेसे वाटत होते.

दहा मिनिटांनी मागून काहीतरी ऐकू येऊ लागले. आधी बारीक, मग स्पष्ट.

"अहो, कुणीतरी तोंडावर पदर दाबून श्वास घेतंय."

"उपमा न..." यजमान म्हणता म्हणता थांबले. मान वळवून कान दिला. "थांब. पुन्हा सांग. पदर कुठे दाबलाय?"

"मागे. खालच्या अंगाला, उजवीकडे."

"पडद्यावर बॅटरीच्या पट्ट्या असतील. किती आहेत?"

"सहा."

पुढच्या सिग्नलला त्यांनी पुन्हा विचारले. "आता?"

"तीन. नाही, दोन. अहो, इंजिन लागलं! आता चार... पाच."

"इतक्या लवकर?"

"वेड्यावाकड्या चढतायत आणि तशाच उतरतायत. लहान मुलानं जिन्यावर खेळावं तशा."

या वेळी त्यांनी उपमेला हरकत घेतली नाही. गाडी बाजूला लावायला सांगितली. मी मागचे दार उघडले. सीटवर मलईच्या रंगाचे, शिवणीशिवणीला फुगलेले जाड आवरण होते, मापे देऊन शिवून घेतलेले, थेट खालच्या गालिच्यापर्यंत पोचणारे. यजमानांच्या सांगण्यावरून मी त्याची उजवीकडची कड उचलली. आत हाताच्या पंजाएवढी एक जाळी होती. तिच्यावर धूळ दाट बसली होती.

"कशी धूळ आहे?" यजमानांनी विचारले, आणि लगेच म्हणाले, "उपमा चालेल."

"उसवलेल्या गोधडीतला कापूस."

त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि मालकांना शांतपणे समजावले. अशा गाडीची मोठी बॅटरी तापते. तिला गार ठेवायला एक पंखा या जाळीतून गाडीतली थंड हवा ओढतो. जाळीवर आवरण चढले, पंखा गुदमरला, बॅटरी तापत राहिली. त्यात महिनोन् महिने गाडी उभी. ही बॅटरी फिरती राहिली तरच टिकते.

मालकांनी खाली उतरून त्या जाळीत डोकावून पाहिले. "पण मी कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही हिला," ते म्हणाले.

"तिथंच चुकलं, साहेब," यजमान म्हणाले. त्यांनी अंदाजाने हात पुढे केला आणि तो बरोबर त्या गृहस्थांच्या खांद्यावर पडला. "आवरण काढा. जाळी साफ करून घ्या. आणि रोज चालवा. अंबरनाथच्या देवळापर्यंत जा, परत या. कदाचित सावरेल."

मला त्या माणसाचे हसू आले नाही. आमच्या घरी टीव्हीच्या रिमोटवरचा प्लॅस्टिकचा कागद अजून तसाच होता. मिक्सरला मी स्वतः झालरीची टोपी शिवली होती. वस्तू जपणे म्हणजे तिला झाकणे, हे आम्ही सगळ्यांनीच कुणी न शिकवता शिकून घेतले आहे. त्या रात्रीच्या जेवणाआधी मी रिमोटचा कागद फाडून काढला. खाली बटणांचे रंग इतके लख्ख होते की मला लाज वाटली.

यजमान मात्र जेवताना भातात नुसती बोटे फिरवत होते. ताटातली आमटी निवत गेली.

"मी घेतली असती गं," शेवटी ते म्हणाले. "बोटांना कोरीच लागली ती. आणि वर्षही बरोबर होतं."

"वर्ष बरोबरच होतं. पण ती त्या वर्षात जगलीच नाही."

त्यांनी ताट बाजूला सारले. त्यांनी आता स्वतःच्या बोटांवरचा विश्वासही काढून घेतला तर काय, या विचाराने मला अस्वस्थ केले. दुसऱ्या दिवशी मी आमची यादी पुन्हा काढली. कल्याणची एक गाडी त्यांनी माझ्याकडून पहिल्याच दिवशी खोडायला लावली होती: एकोणिसाची, आणि धावलीही अफाट. मी त्यांना न विचारता त्या मालकिणीला फोन केला आणि रविवारी दुपारी येतो म्हणून सांगितले.

"एकोणिसाची?" ते उसळले. मला बरे वाटले. निदान उसळले तरी. "पहिली खेप! आणि एवढी धावलेली! मला काय, म्हातारी घोडी दाखवणार आहेस?"

"दात बघायला मीच आहे ना. चला."

ते कुरकुरत तयार झाले, पण त्याच दिवशी चार वाजता ठाण्याला, घोडबंदर रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या एका यार्डात आणखी एक विसाची गाडी पाहायचे त्यांनी ठरवूनच टाकले. "एका फेरीत दोन्ही. म्हणजे तुझी हौसही फिटेल."

कल्याणच्या मालकीणबाई चाळिशीच्या, भूलतज्ज्ञ. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, जिथून बोलावणे येईल तिथे धावणाऱ्या. गाडी त्यांच्या इमारतीबाहेर आंब्याच्या झाडाखाली उघड्यावर उभी होती. टपावर कावळ्यांची नक्षी, मागच्या बंपरवर एक लांब ओरखडा. दार उघडले तर आतून स्पिरिट, कॉफी आणि संत्र्याच्या सालीचा वास आला; कुणीतरी नुकतेच उठून गेलेल्या खोलीचा जिवंत वास. सीटवर आवरण नव्हते. चालकाच्या बाजूचे कातडे बसून बसून मऊ पडले होते.

"काका, दिसायला ही काही नवरी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण हिला झोप माहीत नाही. मी लोकांना झोपवते, हिला कधीच झोपवलं नाही."

यजमानांना हसू आले, पण त्यांनी ते मिशीत लपवले. "मग का विकताय?"

"पूर्ण विजेवरची घेतलीय. दोन दोन गाड्या लावायला जागा कुठंय इथं?"

"एकोणिसाची आहे. पहिल्या खेपेच्या खोड्या असणार."

"होत्या ना! कंपनीनं वॉरंटीत सगळ्या काढून दिल्या." त्यांनी डिकीतून जाडजूड फाइल काढून माझ्या हातात ठेवली. मी एकेक कागद वाचत गेले. एक पंप बदललेला, ब्रेकची संगणकीय आज्ञावली दोनदा सुधारलेली, ठरल्या अंतराला प्रत्येक तपासणी, कुठेही खंड नाही. यजमान मान तिरकी करून ऐकत होते, जसे ते सकाळच्या जाहिराती ऐकत. फक्त आता त्यांची बोटे टपावर हलकेच ताल धरू लागली होती.

"जाळी?" त्यांनी विचारले.

"प्रत्येक सर्व्हिसला साफ करून घेते. फुप्फुसं आहेत ती, काका. माझा सगळा धंदाच श्वासाचा."

मी वाकून पाहिले. जाळी स्वच्छ होती. तिच्यावर तळहात धरला तर हवा आत ओढली जाताना जाणवली, झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरावे तितकी हलकी. मी हे सांगितले नाही. यजमानांचाच हात धरून तिथे नेला. ते बराच वेळ तसेच ओणवे राहिले.

मग आम्ही निघालो. पत्री पूल ओलांडून ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्याला लागलो. रविवारची दुपार, रस्ता मोकळा, एका बाजूला रुळांची चमकती रेघ. डॉक्टरीणबाई मागे बसून संत्रे सोलत होत्या. मी वेग वाढवला, गाडीने तो हूं की चूं न करता घेतला.

"पट्ट्या?"

"पाच."

थोड्या वेळाने पुन्हा, "पट्ट्या?"

"पाच. अहो, अजून पाचच."

वळणाआधी मी ब्रेकवर पाय ठेवला, आणि गाडीच्या पोटातून एक सूर निघाला. तंबोऱ्याची तार सैल करत न्यावी तसा सावकाश खाली उतरणारा, गोड, अखंड. मी यजमानांकडे पाहिले.

"थांबताना वीज परत गोळा करतेय ती," ते हळूच म्हणाले. "ऐक. कुठेही तुटत नाहीये."

मला इतका आनंद झाला की मी काही कारण नसताना पुन्हा वेग घेतला आणि पुन्हा ब्रेक लावला, तिसऱ्यांदाही लावला. मागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, पेशंटला उलटी होईल हां," आणि आम्ही तिघेही हसलो.

"मला ही हवी," मी म्हणाले. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच मला काय हवे ते बोलले होते. यजमानांनी काच खाली केली. वाऱ्याने त्यांचे पांढरे केस विस्कटले. एक हात त्यांनी समोरच्या फळीवर पालथा ठेवला होता, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा, पण ताप उतरलाय अशी खात्री झाल्यावरचा.

रस्त्याचे टोक आले. घड्याळात सव्वातीन झाले होते. वेळेवर पोचायचे तर आत्ताच गाडी परत करून निघायला हवे होते.

"अहो, ठाण्याला ती विसाची बघायला जायचं ना?" मी विचारले.

त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला, मला दृष्टीच्या कडेवर नीट घ्यावे म्हणून मान थोडी तिरकी केली, आणि मिशीतले हसू या वेळी न लपवता म्हणाले, "कशाला?"